'बच्चेकंपनी'च्या रकान्यात चुकून गेलेला चित्रपट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत पाहण्याजोग्या चित्रपटांची यादी आली होती. तीत 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' हा जपानी ॲनिमेशनपट 'बच्चेकंपनीसाठी' या मथळ्याखाली दिसला. कार्टून म्हणजे लहान पोरांचं, या हिशेबाने तो तिथे गेला असावा. माझी नात यंदा दहावीत जातेय. तिच्यासोबत मी तो पाहिला, आणि राहवेना म्हणून हे पत्र.

स्टुडिओ जिब्लीचा हा १९९५चा चित्रपट. पटकथा हायाओ मियाझाकींची, दिग्दर्शन योशिफुमी कोन्डोंचं. कोन्डोंनी पूर्ण लांबीचा एवढाच एक चित्रपट दिग्दर्शित केला. १९९८मध्ये, ४७व्या वर्षी ते गेले. नायिकेच्या कल्पनेतली काही उडती दृश्यं सोडली, तर यात सगळं जमिनीवरचं आहे. टोक्योच्या पश्चिमेच्या टेकड्यांवरची वसाहत, दाटीवाटीचा ब्लॉक आणि पुस्तकांत डोकं खुपसून बसलेली १४ वर्षांची शिझुकु. आपण ग्रंथालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर आपल्या आधी एकाच मुलाचं नाव आहे, हे तिच्या लक्षात येतं. तिथून गोष्ट सुरू होते.

मी तालुक्याच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं, त्यामुळे ते कार्ड पाहून मला काय झालं ते सांगत बसत नाही. आमच्याकडे कार्डावर नाव नसे, सभासद क्रमांक असे. पण तेच दोन क्रमांक चार-पाच पुस्तकांवर पाठोपाठ आले, की काउंटरमागे आम्ही एकमेकींकडे बघायचो. चित्रपटात शिझुकुचे वडील ग्रंथालयातच कामाला आहेत आणि तिथेही बारकोड येणार आहे. कार्डच बरं, असं ते लेकीला म्हणतात तेव्हा मी मोठ्याने 'हो ना' म्हणाले. नात हसली.

पण हा चित्रपट पालकांनी पाहावा असं मला वाटतं ते पुढच्या भागासाठी. सेइजी हा तो मुलगा. त्याला व्हायोलिन बनवायला शिकायचंय, त्यासाठी तो इटलीत क्रेमोनाला निघालाय. त्याला दिशा सापडली आणि आपल्याला नाही, याने शिझुकु अस्वस्थ होते आणि ऐन प्रवेश परीक्षेच्या वर्षी कादंबरी लिहायला बसते. मार्क घसरतात, मोठी बहीण तणतणते. आई-वडील मात्र तिला समोर बसवून विचारतात, ऐकून घेतात आणि लिही म्हणतात. चारचौघांपेक्षा वेगळी वाट सोपी नसते आणि चुकलं तर दुसऱ्याला बोल लावता येत नाही, एवढं वडील बजावतात. आमच्या घरी या दृश्याला माझा मुलगा पाणी प्यायला म्हणून उठला, तो बराच वेळ आलाच नाही.

कादंबरी पुरी होते, पण ती काही थोर वगैरे नसते. पहिला वाचक, सेइजीचे आजोबा, तिला तसं स्पष्ट सांगतात: कच्चा दगड आहे, पैलू पाडायला वेळ लागेल. ती ढसाढसा रडते, त्यांच्याकडचं गरम गरम नूडल्सचं वाडगं संपवते आणि घरी येऊन आईला म्हणते, आता अभ्यासाला लागते. लिहायचं तर अजून पुष्कळ शिकायला हवं, हे तिचं तिलाच कळलेलं असतं. कुणी व्याख्यान दिलेलं नाही.

शेवट मात्र मला पटला नाही. इतक्या लहान वयात मुलगा पहाटे टेकडीवर लग्नाचं विचारतो आणि तीही हो म्हणते! नातीचं मत, 'आजी, त्या वयात असंच वाटतं.' यावर मी काय बोलणार?

तर विनंती एवढीच, की पुढच्या यादीत हे नाव 'नववी-दहावीची मुलं आणि त्यांचे आईबाप' अशा रकान्यात टाकावं. तसा रकाना नसेल तर काढावा. सहा वर्षांची पोरं यातलं एक गलेलठ्ठ मांजर पाहतील आणि झोपी जातील.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा