रेझिन रिबनची छपाई तेलाने पुसली जाणे आणि रिबनवर बॅच क्रमांक नसणे याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
विक्री व गुणवत्ता विभाग

महोदय,

वाळूज औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यासाठी आम्ही जुलै महिन्यात आपल्याकडून बारकोड प्रिंटरच्या २४ रेझिन रिबन (उष्णतेने लेबलावर छापणाऱ्या, रेझिनच्या टिकाऊ शाईच्या फिती) आणि पॉलिएस्टर लेबलांचे रोल खरेदी केले. लेबलांबद्दल आमची काहीही तक्रार नाही. ती क्रेटला घट्ट चिकटतात आणि फाटत नाहीत. तक्रार रिबनबद्दल आहे. आमच्या खरेदी आदेशात, आपल्या बिलात आणि खोक्यावर अशा तिन्ही ठिकाणी ‘रेझिन’ असे स्पष्ट लिहिलेले असूनही, यांपैकी काही रिबनने केलेली छपाई गंजरोधक तेलाचा हात लागताच पुसली जाते.

यात एवढे बिघडले काय, असे आपल्याला वाटू नये म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आम्ही दुचाकीच्या गिअरबॉक्समधील लहान शाफ्ट बनवतो. पोलादाच्या बारच्या टोकावर हीट नंबर (ते पोलाद वितळवणीच्या कोणत्या घाणीतले, हे सांगणारा क्रमांक) असतो, पण बार कापला की तो नंबर एका तुकड्याबरोबर निघून जातो. आणि शाफ्टवर लेझरने कायमचा क्रमांक उमटतो तो अगदी शेवटी, ग्राइंडिंग झाल्यानंतर, कारण आधी उमटवला तर ग्राइंडिंगमध्येच तो निघून जाईल. मधल्या काळात माल सीएनसीवरून उतरतो, टेम्पोने चिकलठाण्याला हीट ट्रीटमेंटला (भट्टीत तापवून कठीण करायला) जातो, परत येतो आणि पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरू नये म्हणून तेलात बुडवून ठेवला जातो. या सगळ्या प्रवासात तो माल कोणत्या हीटचा आणि भट्टीच्या कोणत्या चार्जचा (एका वेळी भट्टीत घातलेल्या मालाचा), हे सांगणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे क्रेटवरचे लेबल.

ऑगस्टमध्ये आमच्या ग्राहकाला काही शाफ्ट नरम आढळले. चौकशीअंती दोष भट्टीच्या एकाच चार्जमध्ये, म्हणजे १५० नगांच्या चार क्रेटमध्ये असल्याचे कळले. त्या वेळी आमच्याकडे ३१ क्रेट शिल्लक होते. लेबले स्कॅन करायला गेलो तर १९ क्रेटवर नुसता काळपट डाग उरला होता. दोषी चारांपैकी एक क्रेट तेवढा ओळखता आला. उरलेले तीन त्या १९ मध्ये कुठेतरी होते. त्यामुळे चार क्रेटमधील ६०० शाफ्टऐवजी २० क्रेटमधील ३,००० शाफ्टची कठीणता एकेक करून तपासावी लागली. एका नगाला एक मिनिट धरले तरी ते ५० तासांचे काम होते, आणि तेवढा वेळ आमचे डिस्पॅच बंद राहिले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करतो. माल नरम निघाला, हा दोष आपला नाही; तो आमचा आणि आमच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांचा आहे आणि त्याचा भुर्दंड आम्ही सोसू. परंतु ६०० आणि ३,००० यांतला फरक मात्र आपल्या रिबनचा आहे.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर “प्रिंटरची हीट वाढवून पाहा” असा सल्ला दिला. आम्ही तसे करून पाहिले. छपाई आणखी काळी झाली, टिकाऊ झाली नाही. उलट, खऱ्या रेझिन रिबनला जास्त हीट लागते आणि कमी हीटवर ती फिकट उमटते. ही रिबन कमी हीटवरच गडद उमटते आणि नखाने खरवडली तरी निघते. त्याच प्रिंटरवर, त्याच लेबलावर मागील खरेदीतील उरलेली रिबन लावून छापलेले लेबल रात्रभर तेलात ठेवले, तर सकाळी ते पहिल्याच प्रयत्नात स्कॅन झाले. यावरून खोक्यात मेणाचे प्रमाण जास्त असलेली रिबन भरली गेली असावी, असा आमचा समज आहे.

खरा त्रास पुढे आहे. २४ पैकी सदोष रिबन नेमक्या कोणत्या, हे आम्ही शोधू शकलो नाही, कारण आपल्या एकाही रिबनवर, तिच्या पुठ्ठ्याच्या नळीवर किंवा खोक्यावर बॅच क्रमांक वा उत्पादनाची तारीख नाही. प्रतिनिधींना विचारले, तर त्यांनाही सांगता आले नाही. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकातील ८.५.२.१ हे कलम आमच्याकडून अपेक्षा करते की, शंकास्पद माल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे आम्हाला नेमके दाखवता आले पाहिजे. ज्यांच्या मालावर विसंबून आम्ही ते दाखवतो, त्यांच्याच मालाला ना आगा ना पिछा, हे आम्हाला पटत नाही.

तरी आपण सर्व २४ रिबनची किंमत परत करावी, जादा तपासणीचा खर्च सोबतच्या तक्त्याप्रमाणे द्यावा आणि या रिबन कोणत्या बॅचच्या होत्या ते लेखी कळवावे. त्याच बॅचचा माल वाळूज-चिकलठाण्यातील इतर कारखान्यांत गेला असल्यास त्यांनाही आपण आजच सावध करावे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळणे आवश्यक आहे, याकडेही लक्ष वेधतो. यापुढे प्रत्येक नळीवर बॅच क्रमांक छापलेला नसेल, तर आमचे स्टोअर तो माल उतरवून घेणार नाही.

पुसलेली १९ लेबले आणि न वापरलेल्या १५ रिबन आम्ही सीलबंद ठेवल्या आहेत. आपला माणूस पाहणीसाठी येणार असल्यास त्याने सकाळच्या पाळीत यावे. त्या वेळी तेलाची टाकी चालू असते आणि चाचणी त्याच्यासमोर करता येईल.

आपला विश्वासू,
(सही)
भागीदार, यंत्रभाग उत्पादक
वाळूज, जि. छत्रपती संभाजीनगर

सोबत : बिलाची प्रत, तपासणी खर्चाचा तक्ता, दोन्ही रिबनने छापलेल्या लेबलांचे नमुने