कोटेशनमध्ये पाण्याचा रकाना हवा

महोदय,

वाळूज एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मी बावीस वर्षं मेंटेनन्स पाहतो. जायकवाडीचं पाणी कमी झालं की आमच्याकडे टँकर सुरू होतात, आणि त्यातला मोठा वाटा कूलिंग टॉवर, म्हणजे पाण्याची वाफ करून यंत्रांची उष्णता बाहेर टाकणारा मनोरा, पितो.

चिलर म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, आणि टन हे त्याच्या क्षमतेचं माप. शंभर टनांचा चिलर पूर्ण लोडवर असला की टॉवरमधून तासाला साधारण साडेसहाशे लिटर पाणी नुसतं वाफ होऊन उडतं. मागे राहिलेले क्षार काढायला ब्लोडाउन करावा लागतो, म्हणजे टॉवरमधलं थोडं खारट पाणी सोडून द्यावं लागतं; तो धरून तासाला हजाराच्या घरात. म्हणजे दिवसाला 10 हजार लिटरचे दोन टँकर, वर थोडं. ब्लोडाउनमध्ये काटकसर केली की काय होतं, ते गेल्या मे महिन्यात कंडेन्सरचं (चिलरची उष्णता टॉवरच्या पाण्याला देणाऱ्या भागाचं) झाकण उघडल्यावर दिसलं. नळ्यांत खडूसारखा पांढरा थर, स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तरी निघेना.

म्हणून सरसकट एअर कूल्ड, म्हणजे टॉवरऐवजी हवेवर थंड होणारे चिलर घ्या, असं मी म्हणणार नाही. एका पुरवठादाराने आमच्या शेजारच्या युनिटला तसा चिलर पत्र्याच्या शेडला चिकटून बसवून दिला. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढून तो रोज दुपारी हाय प्रेशरवर ट्रिप व्हायचा, म्हणजे आतला दाब वाढून आपोआप बंद पडायचा. शिवाय प्रत्येक टनामागे वीज जवळपास दीडपट लागते.

माझं म्हणणं एवढंच, की कामं वेगळी करा. मोल्डला, म्हणजे साच्याला, 10-15 अंशांचं पाणी लागतं, तिथे चिलर हवाच. पण हायड्रॉलिक ऑइल 45-50 अंशांवर राहिलं तरी मशीनला चालतं. ते थंड करायला टॉवरचं पाणी का उडवायचं? त्या लाइनला ड्राय कूलर, म्हणजे पंख्याच्या हवेवर चालणारा रेडिएटर, पुरतो. बेचाळीस अंशांच्या दुपारी नुसती हवा कमी पडते हे खरं, पण आपली उन्हाळी हवा कोरडी आहे. कूलरपुढचे पॅड तेवढ्या वेळापुरते भिजवले तरी आत जाणारी हवा तिशीच्या आसपास येते. थंडीत तर पाण्याचा थेंबही लागत नाही.

खरेदीच्या मीटिंगला मात्र किंमत आणि किलोवॅट एवढंच टेबलावर येतं. उद्योजक संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे, की पुरवठादाराकडून ‘मे महिन्यात रोज किती लिटर’ हा आकडा कोटेशनमध्ये लेखी मागावा आणि टँकरच्या दराने गुणून मगच ऑर्डर द्यावी.

– एक मेंटेनन्स कर्मचारी, वाळूज, छत्रपती संभाजीनगर