नवे घर आणि काउंटीचा कर

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले, की घर घेताना सगळा हिशेब चोख केला होता, तर आता हे कराचे नवे बिल कुठून आले, आणि शेजारच्या आजोबांचे घर आमच्याच घरासारखे असताना त्यांना कर इतका कमी कसा. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पुण्यात घरपट्टी महापालिका आकारते आणि तीच वसूल करते. इथे घराचे मूल्य ठरवण्यापासून कर गोळा करण्यापर्यंतचे काम काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाकडे असते. आमची काउंटी अलामीडा. जमा झालेला पैसा मात्र तिच्या एकटीचा नसतो, त्यातून शाळा, शहर आणि इतर स्थानिक संस्थांना त्यांचा वाटा जातो.

आजोबांच्या कमी कराचे कारण १९७८ सालच्या जूनमधल्या मतदानात आहे. त्या काळी घरांचे भाव झपाट्याने वाढत होते आणि त्यांच्या मागोमाग करही, त्यामुळे पेन्शनवर जगणाऱ्यांना राहते घर सोडावे लागेल की काय, अशी धास्ती वाटू लागली होती. तेव्हा मतदारांनी 'प्रपोझिशन १३' हा करविषयक प्रस्ताव मंजूर केला. त्यानुसार मूळ कर मूल्याच्या १ टक्क्याहून अधिक नसतो आणि हे मूल्य बाजारभावावर नव्हे, तर घर ज्या किमतीला घेतले तिच्यावर ठरते. पुढे ते वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढवता येते. समजा, कोणी १९९० साली ३ लाख डॉलरला घर घेतले असेल, तर ३५ वर्षांनी त्याचे करपात्र मूल्य फार तर ६ लाख होते आणि मूळ कर ६ हजार. तेच घर आज १० लाखांना विकले गेले, तर घेणाऱ्याला मूळ कर १० हजार भरावा लागतो. मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांसाठी आणि शाळांसाठी यावर आणखी कर द्यावा लागतो, तो निराळा. नव्याने संसार मांडणाऱ्यांवर या पद्धतीत भार अधिक पडतो आणि ते मला पूर्णपणे न्याय्य वाटत नाही. तरीही या वयात आजोबा आपल्या घरात निर्धास्त राहू शकतात, याचे मोल मी कमी मानत नाही.

आता बाबांच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. घराची मालकी बदलली की काउंटी नवे मूल्य ठरवते, आणि जुन्या व नव्या मूल्यांतील फरकावर, ३० जूनला संपणाऱ्या आर्थिक वर्षाच्या उरलेल्या महिन्यांपुरता, जादा कर आकारते. यालाच इथे सप्लिमेंटल बिल म्हणतात. विकणाऱ्याच्या वेळचे करपात्र मूल्य ४ लाख, आपली खरेदी १० लाखांची आणि व्यवहार ऑक्टोबरमधला असेल, तर ६ लाखांवरचा नोव्हेंबर ते जून असा आठ महिन्यांचा कर, म्हणजे सुमारे ४ हजार डॉलर येतो. वार्षिक कर बँक आमच्या मासिक हप्त्यातून वेगळा काढून परस्पर भरते, पण हे बिल सहसा थेट घरमालकाच्या नावे टपालाने येते आणि त्यानेच ते भरायचे असते. बँक भरेल असे समजून पुष्कळ लोक ते बाजूला ठेवतात आणि मुदत टळली की १० टक्के दंड बसतो. आम्ही मुदतीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत.

स्वतः राहत असलेल्या घराच्या मूल्यातून ७ हजार डॉलर वगळले जातात, त्यासाठीचा अर्जही दिला आहे. त्यातून वर्षाला जेमतेम ७० डॉलर वाचतात, पण अर्ज एकदाच करावा लागतो.

बाबा, तुम्ही मुदत ठेव मोडून पैसे पाठवण्याविषयी बोललात, ते कृपया करू नका. हे बिल दोन हप्त्यांत भरता येते. पहिल्याची रक्कम बाजूला काढली आहे आणि दुसऱ्याची तरतूद पगारातून होईल.

तुमची लेक