ओपन जिममधल्या गोल चकतीबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्त्यांमधल्या उद्यानांत ओपन जिम वाढवा, अशी मागणी करणारं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचलं. मागणी रास्तच आहे. पण त्यातल्याच एका यंत्रापायी, उभं राहून कंबर फिरवायच्या गोल चकतीपायी, माझे दीड महिने वाया गेले, म्हणून हे लिहितो आहे.

मी ५१ वर्षांचा. मानेवाडा भागात राहतो, एका शाळेत लिपिक आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, नागपुरात घरोघरी होतं तसं, आमच्याकडे कूलर बाहेर काढणं चाललं होतं. लोखंडी बॉडीचा कूलर मुलगा आणि मी मिळून स्टँडवर चढवत होतो. वजन हातात असताना, वाकलेल्या अवस्थेतच मी खिडकीकडे वळलो आणि कमरेत उसण भरली. रात्रीपर्यंत कळ डाव्या नडगीच्या बाहेरच्या बाजूनं अंगठ्यापर्यंत उतरली होती. सकाळी मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागली.

एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ या कमरेच्या मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकून शीर दबल्याचं निघालं. डॉक्टरांनी डाव्या पायाचा अंगठा बोटानं दाबून धरला आणि म्हणाले, "वर उचला." उचलला, पण उजव्याइतका जोर लागेना. ऑपरेशनची घाई नाही, बहुतेकांना काही आठवड्यांत औषध आणि व्यायामानं आराम पडतो, असं त्यांनी धीर देऊन सांगितलं. लघवीवरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडू लागलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हेही बजावलं. निघताना म्हणाले, वजन कमी करा. माझं वजन तेव्हा ९४ किलो होतं, उंची ५ फूट ६ इंच.

ज्याला गल्लीच्या टोकापर्यंत चालवत नाही, त्यानं वजन कमी करायचं कसं? हा प्रश्न घेऊन मी आठवडाभर पलंगावर पडून होतो. आमच्या घरी चार माणसांत महिन्याला ५ किलोचा तेलाचा डबा संपायचा. पडल्या पडल्या हिशेब केला, तर माणशी रोजचं जवळपास ४२ ग्रॅम तेल निघालं. एका ग्रॅमला ९ कॅलरी. पत्नीनं त्याच दिवशी नव्या डब्यावर पेनानं तारीख टाकली आणि कढईत तेल ओतण्याऐवजी चमच्यानं मोजून घालू लागली. पहिला डबा ३६ दिवस पुरला. दिवाळीच्या सुमारास तोच डबा ५० दिवस जाऊ लागला, म्हणजे माणशी २५ ग्रॅम. माझ्यासारख्या वजनदार माणसानं अर्धा तास चालावं तेवढ्या कॅलरी रोज इथेच वाचत होत्या, आणि त्यासाठी कमरेला काहीच त्रास द्यावा लागत नव्हता. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पहिला आठवडा तरी निराशेत गेला नसता.

शाळेत जाताना ठेल्यावरचे तर्री पोहे रोजचे होते, ते आता रविवारी. सावजी रस्सा महिन्यातून एकदा, तोही वरचा तवंग काढून. दिवसातून चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, ही सवय सोडणं सगळ्यांत अवघड गेलं. तीन आठवडे डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. रात्री ज्वारीची भाकर, घट्ट वरण, अंबाडी किंवा मेथी, कधी मोड आलेली मटकी. भात मी जवळजवळ सोडला होता आणि वरणही कमी करायला निघालो होतो, तेव्हा फिजिओथेरपिस्ट ताई रागावल्या. मणक्याला आधार पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंचाच, डाळ-अंडी कमी केलीत तर चरबीबरोबर तेही झिजतील, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून रोज दोन अंडी खातो.

त्यांनी आणखी एक खूण शिकवली. चालताना किंवा व्यायाम करताना कळ पायातून वर कमरेकडे सरकत असेल तर गाडी रुळावर आहे. कमरेतून खाली पावलाकडे उतरायला लागली की तिथेच थांबायचं. या एका खुणेवर मी पाच मिनिटांचं चालणं चार महिन्यांत चाळीस मिनिटांवर नेलं. सोबत पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि गुडघ्या-हातांवर येऊन उलट बाजूचा हातपाय ताणणं, एवढेच दोन व्यायाम. दिवाळीला वजन ८५ होतं.

नोव्हेंबरमध्ये वस्तीतल्या उद्यानात एक शेजारी म्हणाले, "काका, त्या गोल चकतीवर उभे राहा, कंबर मोकळी होते, पोटही उतरते." दांडा धरून मी डावी-उजवीकडे गरगर वळत राहिलो. वरचं अंग जागेवर, खालचं फिरतंय, म्हणजे सगळा पीळ नेमका कमरेत. तिसऱ्या मिनिटाला नडगीत तीच जुनी वीज गेली. पुन्हा पलंग, पुन्हा रजा, दीड महिना. वजन तेवढं वाढलं नाही, कारण तेलाचा डबा तसाच जपून चालला होता. पण मुलगा मला धरून मोरीपर्यंत नेत होता तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

त्या यंत्रावर पाटी आहे. ती इंग्रजीत आहे आणि उन्हानं उडाली आहे. कोणी वापरू नये, याबद्दल त्यावर मला तरी काही वाचता आलं नाही. सकाळी तिथे येणाऱ्यांत कमरेला पट्टा बांधलेले निदान चार-पाचजण मी रोज पाहतो. सगळ्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, वजन कमी करा.

आज माझं वजन ७९ किलो आहे, अंगठ्यात जोर परत आला आहे. शहरातली उद्यानं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. नवी यंत्रं जरूर बसवा, पण आधी असलेल्यांवर मराठीत पाट्या लावा. चालायच्या वाटेवरचे उखडलेले गट्टू सपाट करा. पाठ टेकता येईल असे बाक थोड्या थोड्या अंतरावर ठेवा, कारण आमच्यासारख्यांना दर शंभर पावलांवर थांबावं लागतं. आणि उन्हाळ्यात तरी फाटक पाचला उघडा. मे महिन्यात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि आठला ऊन अंगावर येतं, सहाला उघडणाऱ्या फाटकाचा आजारी माणसाला काय उपयोग?

पाटीचा मजकूर मी लिहून, फिजिओथेरपिस्ट ताईंकडून तपासून घेतला आहे. कोणालाही तो खुशाल वापरता येईल:

"कंबर, मणका किंवा गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र वापरू नये. वापरताना कळ किंवा मुंग्या पायात उतरल्यास लगेच थांबावे."

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर