काका, क्लबच्या चटईवर मला जागा दिलीत

प्रिय काका,

शि. सा. नमस्कार.

पुढच्या महिन्यात तुम्ही शारजा सोडून कायमचे साताऱ्याला निघताय. निरोपाच्या जेवणात सगळे बोलतील. तुम्ही वाळूतून कुणाकुणाच्या गाड्या ओढून काढल्यात, लिवाच्या वाळवंटात रात्री कुणाला वाट दाखवलीत, हे सगळं निघेल आणि ते खरंच आहे. मला आभार मानायचे आहेत ते वेगळ्या गोष्टीसाठी. हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण आपल्यात नव्याने आलेल्या मुलामुलींना वाटतं की आपला क्लब पहिल्यापासून असाच होता. तसं नव्हतं. आधी ती सुट्टीच्या दिवशी वाळूत गाड्या पळवणाऱ्यांची एक टोळी होती. तिचा क्लब तुम्ही केलात.

आपली ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. आखातात नवी बाई दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मिस्टर कुठल्या कंपनीत?" तुम्ही विचारलंत, "काय शिकलीस?" मी म्हटलं, पुण्याला भूशास्त्र केलं, आता घरीच असते. त्यावर हळहळ नाही की उपदेश नाही. प्रसादाची वाटी हातात धरूनच तुम्ही म्हणालात, "मग मला सांग, ड्यूनची, म्हणजे वाळूच्या टेकडीची, एक बाजू गाडी पेलते आणि दुसरी गिळते, असं का? वीस वर्षं गाडी चालवतोय, कुणी नीट सांगत नाही."

लग्नानंतर माझ्या विषयातलं मला कुणी काही विचारलंय, असं तोवर झालंच नव्हतं. घरी गेल्यावर मी जुन्या वह्या काढल्या.

उत्तर तुम्हाला पाठ आहे, तरी नव्या मंडळींसाठी लिहिते. वारा वाळू उचलून आभाळात नेतो असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वाळू जमिनीलगत उड्या मारत पुढे जाते. कण उडतो, वाऱ्याने पुढे ढकलला जातो, खाली आपटतो आणि आपटताना दुसऱ्याला उडवतो. जो उडण्याइतका हलका नसतो तो धक्क्याने पुढे सरकतो. असा उडता कण आपल्या सहापट व्यासाच्या खड्यालाही हलवू शकतो. वाऱ्याकडच्या उतारावर हा मारा सतत चालू असतो, त्यामुळे तिथले कण ठोकून बसवल्यासारखे घट्ट होतात. माथा ओलांडला की मार थांबतो, वाळू नुसती घरंगळत खाली येते आणि साधारण ३३ अंशांच्या उतारावर टेकून राहते. ती कुणी दाबलेलीच नसते. टायरमधल्या हवेचा दाब पंधरा पीएसआयपर्यंत उतरवला की टायर लांबट पसरतो, गाडीचं वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि घट्ट बाजूवर आपण तरून जातो. घसरत्या बाजूवर मात्र हवा कितीही काढा, नाक सरळ खाली धरूनच उतरावं लागतं.

हे मी तुम्हाला चार ओळींत लिहून पाठवलं. पुढच्या ड्राइव्हला अल बदायरच्या लाल वाळूपाशी टायरची हवा काढून झाल्यावर तुम्ही सगळ्यांना गोळा केलंत आणि म्हणालात, "आज ब्रीफिंग ही देणार." मला आधी सांगितलंसुद्धा नव्हतं! समोर कोझिकोडचे, कराचीचे, मनिलाचे, बेळगावचे लोक उभे. मी उतारावर बसून हाताने वाळू सरकवत बोलले. त्यानंतर दर ड्राइव्हच्या आधी कुणीतरी काहीतरी सांगायचं हा रिवाज पडला. कुणी तारे दाखवले, कुणी उष्माघातात काय करायचं ते सांगितलं, कुणी उंटांच्या गोठ्याजवळून गाडी हळू का न्यायची ते.

मग तुम्ही मला झेरझुरा क्लबची गोष्ट सांगितलीत. तुम्हाला नक्की काय उभं करायचं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

झेरझुरा हे नाईलच्या पश्चिमेला वाळवंटात हरवलेलं, दंतकथेतलं मरूद्यान. पंधराव्या शतकातल्या गुप्तधनाच्या एका अरबी पोथीत त्याचं वर्णन येतं: कबुतरासारखं पांढरं शहर, दारावर कोरलेला पक्षी, त्याच्या चोचीत किल्ली, आत झोपलेले राजाराणी. १९२०च्या दशकात इजिप्तमध्ये नोकरीला असलेले काही इंग्रज अधिकारी रजा काढून, पदरचे पैसे घालून, साध्या फोर्ड गाड्या घेऊन ते शोधायला लागले. त्यांचा म्होरक्या राल्फ बॅगनॉल्ड. १९३०मध्ये प्रवासातून परतताना सुदानमधल्या वादी हल्फा गावात एका ग्रीक माणसाच्या बारमध्ये बसून त्यांनी क्लब काढला. इमारत नाही, शिक्का नाही. लंडनला वर्षातून एकदा कॅफे रॉयलमध्ये जेवायला बसायचं आणि कोण कुठवर पोचलं ते एकमेकांना सांगायचं, इतकंच. ते जुनं वादी हल्फा नंतर आस्वानच्या मोठ्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. वाळवंटाच्या क्लबचं जन्मस्थान सरोवराच्या तळाशी आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी नकाशा उघडून बघत बसले होते.

त्या लोकांच्या युक्त्या सांगताना तुमचा आवाज बदलायचा. रेडिएटरमधली वाफ नळीने पाण्याच्या डब्यात सोडायची म्हणजे पाणी वाया जात नाही. गाडीच्या लोखंडामुळे होकायंत्र फसतं, म्हणून तबकडीवर उभी सुई लावून तिच्या सावलीवरून दिशा धरायची. कैरोच्या भंगारवाल्याकडे मिळालेल्या, पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरासाठी केलेल्या पोलादी पट्ट्या रुतलेल्या चाकांखाली घालायच्या. आपण आज प्लास्टिकच्या पाट्या टाकतो, त्यांचे हे पूर्वज. आणि यातलं काहीही कुणी स्वतःपुरतं ठेवलं नाही. बॅगनॉल्ड तर लष्करातून निवृत्त झाल्यावर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात वाऱ्याचा बोगदा बांधून वाळूचे कण मोजत बसला. १९४१मध्ये त्याने छापलेलं ते गणित आजही आम्ही शिकतो. मंगळावरच्या काळ्या वाळूच्या टेकड्यांना त्याचं नाव दिलंय आणि क्युरिऑसिटी यान २०१५च्या अखेरीस तिथे पोचलं. मी कॉलेजात ती समीकरणं सोडवली होती. ती मांडणारा माणूस सुट्टीत मित्रांबरोबर गाडी ढकलायचा, हे मात्र मला तुमच्याकडून कळलं.

तुम्ही ती गोष्ट कधी गोड करून सांगितली नाहीत, याचे वेगळे आभार. इजिप्तच्या नैऋत्येकडच्या जिल्फ कबीर पठारातल्या ज्या हिरव्या दऱ्या १९३२मध्ये विमानातून 'सापडल्या', तिथे तेबू गुराखी आधीपासून गुरं चारत होते. हसनेन बे हा इजिप्शियन माणूस १९२३मध्ये उंटांवरून त्याच भागातल्या उवैनात डोंगराला जाऊन आला होता. मग शोध कुणी लावला, असं तुम्ही विचारायचात. आणि मग तुमची आवडती हकीकत: १९३१मध्ये इटालियन फौजांनी लिबियातलं कुफ्रा हे मरूद्यान घेतल्यावर पळालेली कुटुंबं पाण्यावाचून वाळवंटात मरत होती, तेव्हा पॅट क्लेटन हा सर्वेक्षक आपलं नकाशाचं काम टाकून त्यांना गाडीत घालून आणत राहिला. तुमच्या मते त्या सगळ्या मंडळींनी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच. माझंही मत आता तेच आहे. युद्धाचा भाग तुम्ही भराभर उरकायचात. १९४०मध्ये बॅगनॉल्डने त्याच मित्रांना बोलावून सैन्याची लांब पल्ल्याची टेहळणी तुकडी उभी केली. आणि त्याच वाळूत फिरलेला हंगेरीचा लास्लो अल्माशी १९४२मध्ये जर्मनांचे दोन हेर घेऊन उलट बाजूने, लिबियातून नाईलकाठच्या असियुतपर्यंत आला. "वाट माहीत असणं कुणाच्याही कामी येतं," एवढं बोलून तुम्ही चहा ओतायचात.

आपल्या इथल्या वाळवंटाबद्दलही तुमचा हाच आग्रह. ज्या हिवाळ्यात झेरझुरा क्लब निघाला, त्याच १९३०-३१च्या हिवाळ्यात बर्ट्राम थॉमस हा इंग्रज सलालाहून दोह्यापर्यंत रुब अल खाली हे अरबस्तानातलं मोठं वाळवंट पार करून गेला. पण नाव घ्यायचं तर आधी रशीद टोळीच्या शेख सालेह बिन कलूतचं घ्या, त्याच्या शब्दाशिवाय थॉमस एक मुक्काम पुढे सरकला नसता, असं तुम्ही नव्या सभासदांना बजावायचात. म्हणूनच लिवाच्या वाटेवर उंटवाला भेटला की आपला पूर्ण काफिला थांबतो आणि पहिला चहा त्याला जातो. नवीन मुलांना हा नुसता चांगुलपणा वाटतो. पाणी कुठे आहे आणि कालच्या पावसानंतर कुठली सबखा, म्हणजे खारट सपाट जमीन, वरून कोरडी पण आतून चिखल आहे, हे त्याला ठाऊक असतं.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला ते तुकड्यातुकड्यांत माहीत आहे. ब्रीफिंग देता देता मी मुलांना मलेहाच्या डोंगरात घेऊन जायला लागले. तिथल्या चुनखडीत समुद्री शिंपले आहेत, डायनासोरांच्या काळातले. वाळवंटाच्या मधोमध समुद्राचा तळ हाताला लागतो तेव्हा मुलं अक्षरशः किंचाळतात. एका पालकाने शाळेत सांगितलं, शाळेने बोलावलं, मुलाखतीत मला ड्यूनवरच बोलायला लावलं. आता मी तिथे भूगोल शिकवते. कपाटातली पदवी भिंतीवर आली आहे. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने तुमचं नाव विचारून देवापुढे साखर ठेवली.

शिफारस करून नोकरी लावून देणारे लोक आखातात भेटतात, तेही भले असतात. तुम्ही मला आधी बोलायला लावलंत आणि मी बोलत असताना खाली बसून ऐकलंत, तेही सगळ्यांत अनुभवी माणूस असून. माझ्यानंतर तुम्ही हेच गॅरेजवाल्या भाईंच्या बाबतीत केलंत. डिफरेन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गाडीचा भाग, कसं काम करतं ते त्यांनी टिफिनचे डबे फिरवून दाखवलं, तसं इंजिनिअरांनाही जमलं नसतं. २०२२मध्ये शारजा सोडून बाकी अमिरातीत सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर गेली आणि निम्मे लोक गळतील अशी भीती होती, तेव्हाही तुम्ही ड्राइव्ह कमी केलेत पण क्लबचं दर महिन्याचं जेवण मोडू दिलं नाहीत. ड्राइव्हला न येता आलेले लोकही जेवायला यायचे. गर्भारपणात मला गाडीत बसायची मनाई होती, तेव्हा मला क्लबशी जोडून ठेवलं ते त्या जेवणाने. काकूंनी केलेलं पिठलं आणि कोझिकोडच्या मार्शलची, म्हणजे ड्राइव्हमध्ये गाड्या सांभाळून नेणाऱ्याची, बिर्याणी एकाच चटईवर असायची.

आता कामाचं. तुमची टिपणवही तुम्ही मला देऊन चाललाय. ती मी एकटीकडे ठेवणार नाही, तिची नक्कल क्लबच्या प्रत्येक मार्शलकडे जाईल. तुमचा प्रेशर गेज गॅरेजवाल्या भाईंना दिलाय, कारण तो त्यांनाच नीट वाचता येतो. हिवाळ्याच्या पहिल्या जेवणात मी गाणाऱ्या वाळूवर बोलणार आहे. लिवाच्या उंच ड्यूनवरून वाळू घसरली की विमानासारखा घुमणारा आवाज येतो ना, त्यावर. तुम्ही तिथे मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग मला हवंय. साताऱ्याला पोचल्यावर आधी ते पाठवा, मग सामान उघडा. आणि त्या रात्री आपल्याकडे साडेआठ म्हणजे तुमच्याकडे दहा, तेव्हा जागे राहा. फोन स्पीकरवर ठेवणार आहोत, प्रश्न तुम्हीच विचारायचेत.

काकूंना नमस्कार.

तुमची,
शारजातली भूगोलवाली