आधी गाडी, मग कॅरॅव्हान

महोदय,

निवृत्तीनंतर कायमचे कॅरॅव्हानमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या घरवजा ट्रेलरमध्ये, राहू इच्छिणारे साताऱ्यातही भेटू लागले आहेत. मात्र ते आधी ट्रेलर पसंत करतात आणि तो ओढणाऱ्या गाडीचा विचार मागाहून करतात, हा क्रम मला उलटा वाटतो. ट्रेलरचे रिकामे वजन फसवे असते, कारण 100 लिटर पाण्याचेच 100 किलो होतात, शिवाय बॅटऱ्या, गॅस, भांडीकुंडी आणि (जी कोणीच मोजत नाही) पुस्तके. भरलेल्या वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार ट्रेलर जोडायच्या गाडीच्या हूकवर यावा लागतो. तो कमी पडल्यास ट्रेलर वेगात हेलकावतो, आणि पुरेसा ठेवल्यास तेवढी गाडीची भारक्षमता घटते. पसरणी घाट चढण्यापेक्षा उतरणे कठीण, म्हणून ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक नसेल तर व्यवहारच करू नये.

– एक वाचक, सातारा