नोंदवहीच्या शेवटच्या पानावरचे १२८

आदरणीय भाऊ,
स. न. वि. वि.

आपण भुसावळहून सकाळच्या गाडीने अमळनेरला येऊन गेलात, त्याला पंधरा दिवस झाले. तरी आपल्याविषयी लिहायला बसले की अजूनही गळा दाटून येतो.

आमच्या संग्रहाच्या सर्व्हरवर, म्हणजे सर्वांना फाइली पुरवणाऱ्या संगणकावर, अहिराणी ओव्यांचे जुन्या डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) कॅसेटींवरून उतरवलेले चित्रीकरण आहे आणि त्याच्या एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. आम्ही चौघी एकाच वेळी ऐकून लिहायला बसलो की चित्र थबकायचे, आवाज तुटायचा आणि जात्यावरच्या आजीच्या तोंडचा शेवटचा ‘से’ (म्हणजे ‘आहे’) ऐकूच यायचा नाही. त्या आज्यांपैकी कितीतरी आता हयात नाहीत, त्यामुळे गाळलेला शब्द विचारायचा तरी कोणाला? आपल्याआधी आलेल्या एका तंत्रज्ञाने खोलीत पाऊल न टाकताच सगळा सर्व्हर बदलायला सांगितले, तर दुसऱ्याने काहीतरी बदलले, काय ते सांगितले नाही आणि नंतर फोनही उचलला नाही.

आपण मात्र आधी आम्हाला चौघींना नेहमीप्रमाणे कामाला बसवलेत आणि मग समजावलेत की लिनक्स ही सर्व्हर चालवणारी प्रणाली फाइलीच्या मागितलेल्या भागापुढचा थोडा भाग आधीच वाचून मेमरीत ठेवते, आणि ही मर्यादा आमच्याकडे मुळातलीच, म्हणजे १२८ केबी होती. चार फाइलींमध्ये धावणाऱ्या डिस्कच्या हेडला, म्हणजे वाचणाऱ्या टोकाला, प्रत्येक उडीला आठ-दहा मिलिसेकंद लागत, आणि तिथे पोहोचून जेमतेम एक मिलिसेकंदाचे वाचन झाले की पुन्हा उडी. सारा वेळ येरझाऱ्यांतच जाई. आपण तो आकडा २०४८ केलात.

पण मला सर्वांत भिडले ते त्याआधीचे. गाव, गाणारीचे नाव आणि तारीख आम्ही जिच्यात लिहितो ती नोंदवही आपण मागून घेतलीत, “शेवटचे पान वापरू का?” असे विचारलेत आणि पेन्सिलीने, सुवाच्य मराठीत लिहिलेत: पूर्वी १२८, आता २०४८, या डिस्कवर छोट्या-छोट्या विखुरलेल्या वाचनाचे काम सुरू केले तर पुन्हा १२८ करून पाहावे. खाली तारीख घातलीत. आमच्या यंत्रात काय बदलले हे आम्हालाच कळले पाहिजे, असे आजवर कोणालाही वाटले नव्हते. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना ती पूर्ववत करण्याची वाट मोकळी ठेवणारी माणसे भेटली की कामावरचा विश्वास परत येतो.

वीज गेल्यावर आकडा मूळपदावर जाऊ नये म्हणून सर्व्हर बंद-चालू करूनही आपण पाहिलेत, आणि मानधन म्हणून फक्त चहा घेतलात.

काल आम्ही चौघींनी सलग तीन तास काम केले आणि ओव्यांतला एकही ‘से’ गाळावा लागला नाही. थंडीत भरिताची वांगी येतील, तेव्हा कळण्याच्या भाकरीला सहकुटुंब अवश्य यावे.

आपली कृतज्ञ,
ओवी-संग्रहातील एक कार्यकर्ती, अमळनेर